एकदाही न उठता

गुरुवार, ११ सप्टेंबर

बाईसाहेब,

सलाम, खुशाली, इकडे सर्व ठीक, असं वर लिहायचं असतं. ते लिहिलंय असं समज. इकडे काहीही ठीक नाही.

काल फोन केला तर तू म्हणालीस, "तुम्ही फोनवर बोलतानाही काहीतरी घासत असता, मला ऐकू येतं. काय सांगायचं ते पत्रात लिहा. त्यासाठी तरी बसाल." आणि ठेवून दिलास. अगं, पॉलिशकाम चाललं होतं, ते तुला तिथवर ऐकू जाईल असं मला स्वप्न पडलं होतं का? असो. बसलोय. कारखान्यातल्या स्टुलावर बसून, मांडीवर फळी घेऊन लिहितोय. लग्न ठरलं तेव्हासुद्धा मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, आणि आता या वयात लिहितोय तर ते भांडणाचं.

तू ताईंना काय काय सांगितलं असशील याची मला पूर्ण कल्पना आहे. तुझ्या थोरल्या बहिणीला माझ्याबद्दल चांगलं ऐकायची मुळातच सवय नाही, म्हणून माझी बाजू लिहून ठेवतो. त्या रविवारी आपल्या लग्नाचा वाढदिवस होता, मान्य. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी आपल्या दोघांना पुढे बोलावलं, मान्य. तू एकटीच जाऊन उभी राहिलीस आणि अख्खी मंडळी माना वळवून मला शोधायला लागली, तेही मान्य. पण मी कुठं उंडारायला गेलो होतो का? चर्चच्याच मागच्या खोलीत शिडीवर होतो. माइक कुईं कुईं करत होता. कुणीतरी बघायला नको? आणि मी तुला सोडून प्रार्थना चुकवली असंही नाही. पाळकांनी तुझ्या एकटीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली ती मला आत शब्दन् शब्द ऐकू आली. मी शिडीवरून आमेनही म्हटलं.

घरी आल्यावर मी तुला एवढंच म्हटलं, की प्रभू स्वतः सुतार होता. तर तू म्हणालीस, "हो, पण लोकांनी बोलावलं की तो जाऊन बसायचा." 

आणि दुसऱ्या दिवशी ताईंकडे जायला पिशवी भरलीस. उंबऱ्यावर उभी राहून अट घातलीस: ज्या रविवारी पहिल्या गीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत, गीताला उभं राहणं सोडून, मी एकदाही न उठता बाकावर बसेन, तेव्हा परत येईन, तोवर नाही. ही काय अट झाली? जन्मभर हॉस्पिटलात नर्स होतीस, पेशंटांना दटावलंस, ते ठीक. मी पेशंट आहे का?

बसून दाखवतो येत्या रविवारी. त्यात काय मोठं. माणसं रोज बसतात.

साखरेचा डबा कुठं ठेवलायस?

तुझा नवरा


सोमवार, १५ सप्टेंबर

नाही जमलं. हस आता.

सुरुवात झकास झाली होती. तिसऱ्या बाकावर आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे तुझ्या नेहमीच्या जागेच्या शेजारी बसलो. घड्याळकाका मागच्या बाकावर. उपदेश लांबला की हे गृहस्थ हात वर करून मनगट बघतात, म्हणून त्यांना साक्षीदार नेमलं. म्हटलं, मी उठलो तर वेळ टिपून ठेवा. ते म्हणाले, "अहो, तुम्ही बसलात हेच आधी टिपून ठेवतो."

पहिलं गीत झालं, सूचना झाल्या, दुसरं गीत झालं. शास्त्रपाठ सुरू झाला आणि डावीकडची खिडकी आपटायला लागली. आपटते, थांबते, आपटते. खिडकीला चिकटून ऑर्गनवाल्या बाई बसलेल्या. त्यांनी हात लांबवला असता तर काम झालं असतं. पण नाही! त्या शांत. सगळेच शांत. एवढी शंभरेक माणसं, आणि खिडकी आपटतेय हे कुणाच्या गावीही नाही. मला सांग, यांच्या घरी खिडक्या नाहीत का?

मी फक्त कडी लावायला गेलो. पण उभं राहिल्यावर दिसलं की बिजागरीचा स्क्रूच बाहेर आलाय. स्क्रू ड्रायव्हर खिशात होता. (तो खिशात का होता हे विचारू नकोस, तो असतोच.) उपदेश संपला तेव्हा मी खिडकीतच होतो.

काकांनी जाताना विचारलं, "वेळ सांगू?" मी म्हटलं, नको.

जेवण व्यवस्थित चालू आहे. चहा आणि पाव, आणि कधी पाव आणि चहा. साखर सापडली.


सोमवार, २९ सप्टेंबर

मागच्या रविवारी नाही, कालही नाही. कारणं लिहीत बसत नाही. एकदा पंखा, एकदा एका म्हाताऱ्या बाईंचा डुगडुगणारा बाक.

पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की रविवारी चर्चमध्ये माझ्या हातात कुठलंही हत्यार दिसता कामा नये. मुलासारखं वय आहे त्याचं. मी म्हटलं, मग माइक ओरडला तर? म्हणे, "ओरडू दे. मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलेन." असा पाळक मिळालाय आपल्याला.

तू त्यांना फोन केला होतास का? खरं सांग.


सोमवार, ६ ऑक्टोबर

आता जे लिहितोय ते ताईंना वाचून दाखवू नकोस. दाखवशीलच, पण मी सांगून ठेवलंय.

काल महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. समोर प्रभूचा मेज मांडलेला. तो मेज मी घडवलाय हे तुला माहीत आहेच, मंडळीलाही माहीत आहे, कारण मी सांगत असतो. पॉलिश अजून आरशासारखं आहे. पण मागे नवीन फरशी घातली तेव्हापासून त्याचा एक पाय अधांतरी राहतो. आणि त्या पायाखाली कुणीतरी काय सरकवून ठेवलं असेल? कागदाची घडी! गेल्या आठवड्याच्या सूचनांचा कागद! मी त्या कागदाकडे बघतोय, आणि माझ्या डोक्याची शीर उडतेय. पाळकसाहेब पेला उचलतायत, मेज हलतोय. खाली ठेवतायत, हलतोय. सगळ्यांचे डोळे मिटलेले, मला एकट्याला दिसतंय.

हत्यार नेलं नव्हतं. शब्द दिला होता. पण पाचर म्हणजे काही हत्यार नाही. सागवानाची एवढीशी पाचर, अंगठ्याएवढी. ती शनिवारीच तासून खिशात टाकली होती.

प्रभुभोजन झालं. प्रार्थना सुरू झाली, लांबणार हे दिसतच होतं. म्हटलं, सगळ्यांचे डोळे मिटलेत तोवर पटकन जातो, गुडघा टेकतो, पाचर सरकवतो, येतो. गेलो. दोन्ही गुडघ्यांवर बसलो, कारण एका गुडघ्यावर माझा आता तोल राहत नाही. डोकं मेजाखाली घातलं. आणि नेमके तेव्हाच पाळकांनी डोळे उघडले.

त्यांना काय दिसलं असेल विचार कर. आपल्या मंडळीतला सगळ्यात हेकट माणूस, भर प्रार्थनेत आपणहून पुढे आलेला, प्रभूच्या मेजासमोर गुडघ्यांवर, मस्तक जमिनीला लावलेलं! त्यांचा आवाज एकदम घोगराच झाला. खाली उतरले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मेजाखाली. उठावं तर डोकं आपटतं, न उठावं तर हे असं. ऑर्गनवाल्या बाईंनी लगेच ते हळू, रडवेलं गीत सुरू केलं. खिडकीला हात लांबवत नाहीत, पण इथं तत्परता बघ! मागून कुणाचे तरी हुंदके. मग माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी येऊन गुडघे टेकले, मग उजव्या बाजूला. तिरप्या नजरेनं बघतो तर घड्याळकाका! माझ्याकडे बघून आसवं पुसत होते.

मी काय करणार? पाचर मुठीत धरून बसून राहिलो.

आता पुढचं. पाळक म्हणाले, "प्रभू, हा माणूस फार थकलाय. याला वाटतं की यानं हात काढून घेतला तर सगळं कोसळेल. याला विसावा दे." एवढंच. पाठ केलेलं काही नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कारण नसताना! मी तिथं पाचर ठोकायला गेलो होतो! इतका राग आला मला स्वतःचा, आणि त्या पोराचा. माझ्या थकण्याचं याला काय माहीत? मी कुणाला कधी थकलो म्हणालोय का? तुलासुद्धा म्हणालो नाही.

बाहेर पडताना सगळ्यांनी हात मिळवले. एक बाई म्हणाल्या, "तुमच्यामुळं धीर आला." त्यांना मी काय सांगू, पाचरीचं सांगू?

पाळकांना मात्र आज सकाळी जाऊन खरं सांगितलं. मला खोटा मान नको. तर हा माणूस हसायला लागला. खुर्चीचा हात धरून हसला, चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाला, "पाचर लावलीत का शेवटी?" मी म्हटलं, नाही, राहिली. तर म्हणे, "मग तुम्ही कशासाठी वाकलात ते तुमचं तुम्हाला माहीत. पण देव काही रिकाम्या हातानं तुम्हाला परत पाठवणार नव्हता."

मेज अजून हलतोय.


बुधवार, १५ ऑक्टोबर

तुझी चिठ्ठी आली. तू खूप हसलीस म्हणे. ताई पण हसल्या. त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते माझ्यामुळं झालं, छान. पण "उठलात, म्हणजे मोजलं जाणार नाही" हे खाली लिहायची गरज होती का? मला माहीत होतं ते. मी कुठं मागतोय सूट?

परवा ताईंनी फोन केला होता, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. पहिल्यांदाच माझ्यावर न ओरडता बोलल्या, म्हणून मला भीती वाटली. म्हणाल्या, "बिचारीनं आयुष्यभर रविवारच्या ड्यूट्या केल्या. निवृत्त झाल्यावर तिची एकच हौस होती, नवऱ्याच्या शेजारी उभं राहून गीत म्हणायचं. तेवढंही तुमच्याच्यानं होत नाही." मी म्हटलं, हे ती मला कधी बोलली नाही. त्या म्हणाल्या, "बोलली होती. तुम्ही म्हणालात, थांब, हे कपाट सरळ बसतं का बघतो."

बोलली होतीस? मला आठवत नाही, आणि हेच जास्त वाईट आहे. फार वाईट वाटलं मला. काल दिवसभर कामात लक्ष नव्हतं, एक दार उलटं बसवलं.

आज पाळकसाहेब कारखान्यात आले होते. काही काम नव्हतं, नुसतेच आले. भुशावर फळकूट टाकून बसले. मला वाटलं, बोलतील, शास्त्र काढतील. काही नाही. मी रंधा मारतोय, हे बघतायत. मलाच राहवेना. म्हटलं, काम नाही का तुम्हाला? म्हणाले, "आहे ना, पुष्कळ." आणि बसूनच राहिले! असा वैताग आला मला.

मग म्हणाले, येत्या रविवारी होडीवर बोलणार आहे. वादळ सुटतं, लाटा होडीत शिरतात, शिष्यांची पाचावर धारण बसलेली, आणि प्रभू मागं उशीवर डोकं ठेवून झोपलेला. मी म्हटलं, मला तो भाग कधीच पटला नाही. होडीत पाणी शिरतंय आणि त्या होडीत एक सुतार आहे. त्यानं आधी फटी बघायला नकोत? पाळक म्हणाले, "तोच विचार करतोय मी. सगळ्या होडीत लाकडातलं कळणारा एकच माणूस, आणि नेमका तोच झोपला." मी रंधा पुन्हा फळीला लावला.

ते गेल्यावर बराच वेळ रंधा चालत राहिला. मग शेजारचा वेल्डर दारात येऊन म्हणाला, "काय शेठ, आज गाणं?" मी गुणगुणत होतो म्हणे. छे, मी कशाला गुणगुणू? पण ते प्रभुभोजनाचं, ऑर्गनवाल्या बाईंचं रडवेलं गीत होतं खरं. रंध्याबरोबर ते म्हटलं की तितकं रडवेलं वाटत नाही.

तू कशी आहेस, हे मी एकाही पत्रात विचारलं नाही, असं ताई म्हणाल्या. कशी आहेस?


सोमवार, २० ऑक्टोबर

तुला काही वाटतं का?

मी इतका भडकलोय की कुठून सुरुवात करावी कळत नाही. क्रमानं लिहितो.

काल जाऊन बसलो. खिसे रिकामे, घड्याळकाकांनी दारातच तपासले. पहिलं गीत उभं राहून म्हटलं. तुझ्या जागेवर कुणी नव्हतं, तर त्या बाजूला आवाज कमी पडतोय असं उगीच वाटत होतं. मग उपदेश. होडी, वादळ, सगळं आलं. वर छपराचा एक पत्रा वाऱ्यानं थडथडत होता. मी वर बघितलं. नेहमीसारखा हात शिवशिवला. आणि एकदम मनात आलं, अरे, हे छप्पर तू घातलेलं नाहीस. तू जन्माला यायच्या आधीपासून ही माणसं इथं बसून गाणी म्हणतायत. तू एक तास बघितलं नाहीस तर ज्याचं घर आहे तो बघेल. झालं, एवढंच मनात आलं. काही दिव्य प्रकाशबिकाश पडला नाही. पण खांद्यांवरून काहीतरी खाली उतरलं, आणि मी म्हटलं, प्रभू, तू जागा आहेस ना, मग ठीक.

आणि मला झोप लागली.

डुलकी नव्हे बाई, झोप. ढाराढूर. मी घोरलो, असं ऑर्गनवाल्या बाईंचं म्हणणं आहे. उपदेश संपला, दान गोळा झालं, शेवटचं गीत झालं, आणि ते सगळ्यांनी म्हणे हलक्या आवाजात म्हटलं. पाळकांनी आशीर्वादही कुजबुजत दिला. सगळी मंडळी चपला हातात घेऊन बाहेर गेली. मला यातलं काहीही ठाऊक नाही.

डोळे उघडले तेव्हा चर्च रिकामं होतं. खिडकीतून ऊन आलं होतं. अंग असं हलकं झालं होतं, की मला आधी ते माझं वाटेचना. सवयीनं कुणावर तरी चिडावं म्हणून शोधत होतो, तर चिडायला काही सापडेना. पत्रा थडथडत होता, त्याचाही राग येईना. इतका आनंद मला का होतोय हेच कळेना, आणि पहिला विचार आला तो हा, की ही आत्ता इथं हवी होती.

आणि तू होतीस!

घड्याळकाका मागच्या बाकावर राखण करत बसले होते, त्यांनी सांगितलं. उपदेश सुरू झाल्यावर तू मागच्या दारानं आलीस. सकाळच्या गाडीनं आलीस, कुणालाही न कळवता. माझ्या शेजारी येऊन बसलीस. माझं डोकं तुझ्या खांद्यावर पडलं, ते तू तसंच राहू दिलंस. गीताला सगळे उभे राहिले, तू उठली नाहीस, बसूनच म्हटलंस. मग ताईंचा गुडघा दुखतोय, त्यांना एकटं ठेवलंय, म्हणून दुपारची गाडी गाठायला निघालीस. काका मला हलवायला आले, तर तू त्यांचा हात धरलास. म्हणालीस, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे माझ्याबरोबर शेवटपर्यंत बसलेत. उठवू नका."

अगं, असं कुणी करतं का? शंभर माणसांनी माझी बायको माझ्या शेजारी बसलेली बघितली आणि मी एकट्यानं नाही! सगळी मंडळी मला कालपासून सांगतेय, किती छान दिसत होतात. वेल्डरलासुद्धा कळलंय. मला कसं वाटत असेल? कोपरानं ढोसता येत नव्हतं? नर्स आहेस ना, पेशंटाला औषधासाठी उठवायचीस, मग मला का नाही?

रडलो मी काल, तुला कळावं म्हणून लिहितो. बाकावर, काकांच्या समोर. ते मनगटाकडे बघत राहिले.

आता अट. पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत मी एकदाही उठलेलो नाही. नंतरही बराच वेळ उठलो नाही, काका शपथेवर सांगतील. झोपायचं नाही असं तू अटीत घातलं नव्हतंस. तेव्हा तू शब्दाप्रमाणं आज परत यायला हवी होतीस. पण ताईंचा गुडघा आहे, कळतं मला. म्हणून मीच येतोय. शनिवारी दुपारी पोचेन. ताईंचा गुडघा बरा होईपर्यंत राहीन, दोन रविवार लागोत की चार. तिथल्या चर्चमध्ये मला कुणी ओळखत नाही, कुणी काही दुरुस्त करायला सांगणार नाही. तुझ्या शेजारी उभा राहून गीत म्हणेन. माझा गाण्याचा आवाज कसा आहे हे तुला अजून माहीत नाही, तेव्हा आधीच सांगतो, हसायचं नाही.

बेल वाजवीन. दार तू उघड. ताईंना पाठवू नकोस.